लोखंड वगळून इतिहास शोधणारे

नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावाच्या गाळात भोसल्यांचं सोनं पुरलेलं आहे, असं छातीठोकपणे सांगणारा एक व्हिडिओ या आठवड्यात आमच्या भागात मोबाइलवरून मोबाइलवर फिरला. पाठोपाठ शेजारचा एक तरुण नवाकोरा मेटल डिटेक्टर घेऊनच माझ्याकडे आला. ‘काका, याला परवानगी लागते का हो?’ एवढंच त्याला विचारायचं होतं. मुलगा सरळ आहे, म्हणून विचारायला तरी आला. व्हिडिओ करणाऱ्याचा मात्र मला मनापासून राग आला आणि त्या रागातूनच आजचा लेख लिहितो आहे.

भोसल्यांच्या ऐवजाचं काय झालं ते या सदराच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी वारले, डलहौसीने वारस मानायला नकार दिला आणि १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावात गेले. जडजवाहीर विकायला कलकत्त्याला पाठवलं. राणी बांकाबाईंनी जिवाच्या आकांताने विरोध केला, पण कोणी ऐकलं नाही. पहिल्या रघूजींची तलवार आपल्याकडे आली ती २०२५ मध्ये, लंडनच्या सदबीजच्या लिलावातून, राज्य सरकारने ४७ लाख १५ हजार रुपये मोजल्यावर. नागपूरचं वैभव दिवसाढवळ्या, बोली लावून गेलं. ते तलावात आहे असं दाखवणारा एकही कागद त्या व्हिडिओत नव्हता.

तरीही त्या तरुणाबरोबर मी मागच्या मोकळ्या प्लॉटवर गेलो. यंत्र कसं चालतं ते मला बघायचं होतं. दांड्याच्या टोकाला चकती, चकतीत तारेची वेटोळी. एका वेटोळ्यातून सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, तिथल्या धातूत त्याने वीजप्रवाह उठतात आणि त्यांचा प्रतिसाद दुसरं वेटोळं टिपतं. हा प्रतिसाद किती रेंगाळून येतो यावरून धातूचा अंदाज पडद्यावर आकड्यात दिसतो. एकटंदुकटं नाणं वीतभर, फार तर फूटभर खोलीपर्यंत कळतं. त्यातही काळ्या पाषाणाच्या जमिनीत मुळातच लोहखनिज असल्याने यंत्र उगाचच किरकिरतं, ते आधी मातीशी जुळवून घ्यावं लागतं. त्या प्लॉटमधून निघालं काय? औषधाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी, बाटलीचं झाकण, गंजलेला खिळा आणि बैलगाडीच्या चाकाच्या धावेचा एक तुकडा. लहान सोन्याच्या दागिन्याचा आकडा आणि त्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीचा आकडा इतके जवळ येतात की सोनं हवं असेल तर प्रत्येक पट्टीसाठी खड्डा खणावा लागतो. मग त्याने एक बटण दाबलं. ‘हे लोखंड बाद करते, काका.’ पुन्हा चकती फिरवली तर खिळा गप्प आणि धावही गप्प.

त्या बटणाने मला अस्वस्थ केलं. प्राचीन दफनांभोवतीच्या शिळावर्तुळांचा विषय निघाला की मी थांबत नाही, हे वाचकांना ठाऊक आहे, पण इथे तो टाळता येणार नाही. विदर्भाच्या प्राचीन इतिहासाचं फार मोठं पान लोखंडाने लिहिलेलं आहे. काटोल रोडवरच्या जुनापाणीची वर्तुळं ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नाकने एकोणिसाव्या शतकातच जगापुढे मांडली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शां. भा. देव यांनी माहुरझरीला अशाच वर्तुळांचं उत्खनन केलं, तेव्हा माणसांबरोबर पुरलेले घोडे मिळाले. त्यांच्या डोक्यावर तांब्याच्या पत्र्याचे अलंकार होते आणि लोखंडी लगाम होते. कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर होते. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीच सापडली. अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या या मातीत धातूचं केवढं मोठं काम चाललं होतं, हे आपल्याला या गंजक्या तुकड्यांनी सांगितलं. सोन्याच्या मागे लागलेल्या माणसाचं यंत्र यातलं बहुतेक सगळं ऐकूच येणार नाही अशा बेताने लावलेलं असतं. तांब्याचा पत्रा मात्र त्याला ऐकू येतो. त्या पत्र्यासाठी तो खणेल, पत्रा काढेल आणि गंजलेला लगाम बाजूला फेकेल. घोड्याच्या जबड्यात असेपर्यंत तो लगाम असतो. बांधावर फेकला की ते भंगार, मग जगातल्या कुठल्याही तज्ज्ञाला त्यातून काही वाचता येणार नाही.

गुप्तधनाचं वेड विदर्भाला नवं नाही. पूर्वी त्यासाठी पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, माणूस शोधायचे, अमावास्येला पूजा मांडायचे आणि या वेडापायी माणसांचे जीवही गेले. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात धनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला तो याचसाठी. आज पायाळूच्या जागी यंत्र आलं आहे. यंत्र जीव मागत नाही ही केवढी तरी मोठी सुधारणा आहे, ती मी मोकळेपणाने मान्य करतो. रात्र मात्र तीच राहिली. १४ फेब्रुवारी २०२५ ला ‘छावा’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि मार्चमध्ये बुऱ्हाणपूरजवळ अशीरगडाच्या पायथ्याची शेतं माणसांनी भरून गेली. हातात टॉर्च, फावडी, काहींकडे डिटेक्टर. मोगलांच्या मोहरा शोधायला लोक रात्ररात्र खणत होते. आपल्या सीमेला लागून हे घडलं. चित्रपटाने मन पेटलं म्हणून मी कोणाला दोष देणार नाही. शेतमजुराला एका मोहरेचं स्वप्न पडलं तर त्यात पाप काय? प्रश्न वेगळा आहे. खरोखरच मोहर सापडली असती तर त्या माणसाने ती घेऊन कुठे जायचं होतं?

याच प्रश्नापाशी मला दोन शोध शेजारी शेजारी ठेवावेसे वाटतात, एक आपला आणि एक परका.

१९७४ साल. प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यातलं दायमाबाद. झाडाचं मूळ खणताना एका गरीब शेतकऱ्याच्या कुदळीला ब्राँझच्या मूर्ती लागल्या. बैलजोडीचा रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा, म्हैस. चारही भरीव, मिळून साठ किलोंच्या वर वजन. रथ जवळजवळ दीड फूट लांबीचा. भारतीय उपखंडातल्या प्राचीन धातुकामात यांच्या तोडीचं फार थोडं आहे. मूर्ती वाचल्या, सरकारजमा झाल्या, आज संग्रहालयांत आहेत. पण त्या जमिनीतून वर आल्या तेव्हा कुठल्या थरात होत्या, शेजारी कुठलं खापर होतं, हे टिपून घेणारा तिथे कोणी नव्हता. एस. ए. साळी यांनी १९७५ ते ७९ दरम्यान तिथे मोठं उत्खनन केलं, तोवर मूळ जागा उकरली गेली होती. परिणाम असा की पन्नास वर्षांनंतरही मूर्तींच्या काळाबद्दल एकमत नाही. पुरातत्त्वज्ञ ढवळीकरांनी त्या उत्तर हडप्पा काळाच्या मानल्या. डी. पी. अग्रवाल यांनी त्यांतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका घेतली. दोघेही थोर अभ्यासक. दोघांच्या मधे उरली ती न टिपलेली चार हात माती.

आता १९९२ चा नोव्हेंबर. इंग्लंडमधलं सफोक, हॉक्स्न नावाचं गाव. एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. एरिक लॉज नावाचा त्याचा मित्र, निवृत्त माळी, आपला डिटेक्टर घेऊन तो हातोडा शोधायला गेला. यंत्र वाजलं, आणि चमचे, दागिने, नाणी वर येऊ लागली. त्याने थोडं काढलं आणि मग हात थांबवला. पोलिसांना आणि स्थानिक प्रशासनाला कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाले आले आणि त्यांनी ठेव होती तशी उचलली. म्हणून आज माहीत आहे की ती ओकच्या लाकडाच्या पेटीत होती, पेटीत आणखी लहान पेट्या होत्या, त्यांना चांदीची इवली कुलपं होती. चौदा हजार आठशे पासष्ट रोमन नाणी मोजली गेली. रोमन सत्ता ब्रिटनमधून उखडली जात असताना एका श्रीमंत घराने आपलं सामान कसं बांधलं, हे त्या मांडणीतून समजलं. बक्षिसाचे साडेसतरा लाख पौंड माळ्याला मिळाले, ते त्याने शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडाही सापडला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

दायमाबादचा शेतकरी काही कमी प्रामाणिक नव्हता. लॉजला मात्र एक गोष्ट पक्की माहीत होती. कळवलं तर तुरुंग नाही, पैसा आहे आणि नाव आहे. हात थांबवण्याचं बळ त्याला त्या खात्रीने दिलं. तिथेही रात्री चोरून खणणारे आहेत. हेरफर्डशरमध्ये २०१५ मध्ये दोघांनी वायकिंगांच्या काळाची ठेव दडवली, नाणी गुपचूप विकली, आणि २०१९ मध्ये त्यांना दहा आणि साडेआठ वर्षांची शिक्षा झाली. कळवणाऱ्याला घसघशीत मोबदला, दडवणाऱ्याला जबर शिक्षा, आणि दोन्ही गोष्टी सगळ्यांना माहीत.

आपल्याकडे कायदा आहे. १८७८ चा आहे आणि आजही तोच चालतो. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. मालक निघाला नाही तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा, एक चतुर्थांश जमीनमालकाचा. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद. हे तीन चतुर्थांश किती जणांना माहीत आहेत? मी ओळखीच्या माणसांना विचारून पाहिलं, वकिलांनाही. बहुतेकांचं उत्तर एकच, ‘सगळं सरकारजमा होते आणि वरून पोलिसांचा ससेमिरा.’ २०२१ मध्ये चिखलीला, पिंपरी-चिंचवडमध्ये, बांधकामावरच्या मजुरांना २१६ सोन्याची नाणी सापडली, दोन किलो ३५७ ग्रॅम. ती उजेडात आली पोलिसांना खबर लागल्यावर. मजूर स्वतःहून कचेरीत गेले असते, असं आपल्यापैकी कोण ठामपणे म्हणू शकेल?

याच कायद्यात एक खोट आहे आणि ती मला सगळ्यात जास्त खुपते. सरकारला ठेव स्वतःकडे घ्यायची असेल तर मोबदला ठरतो वस्तूच्या धातूच्या किमतीवर, वर तिचा एक पंचमांश. म्हणजे सोन्याला सोन्याचा भाव आणि लोखंडाला भंगाराचा. १९३९ मध्ये मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळ्याला दीड हजारांच्या आसपास सातवाहन नाणी मिळाली. पोटीनची, म्हणजे हलक्या मिश्रधातूची. सराफाने ती हातातही धरली नसती. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी ती वाचली आणि कुंभ, कर्ण, शक अशा सातकर्णींची नावं इतिहासाला मिळाली, जी पुराणांच्या यादीत नव्हती. त्या ठेवीची किंमत १८७८ च्या हिशेबाने वितळवलेल्या धातूएवढी. इंग्लंडमध्ये बाजारभावाने मूल्यांकन होतं, आणि २०२३ पासून तिथे सोनं-चांदी नसलेली, पण इतिहासाला फार मोलाची असलेली वस्तूही ‘ट्रेझर’ मानतात. आपण त्यांच्याकडून तलवारी विकत आणतो. त्यांचा हा नियम फुकट आणता येतो.

त्या तरुणाला मी सांगितलं ते इथेही सांगतो. संरक्षित स्मारकावर, शिळावर्तुळांवर, किल्ल्यावर यंत्र घेऊन जायचं नाही, संरक्षित जागी खणणं हा गुन्हा आहे. दुसऱ्याच्या शेतात विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. काही जुनं लागलं तर तिथेच थांबायचं, जागेचा फोटो काढायचा, माती पुन्हा लोटायची आणि लेखी कळवायचं. लोखंड बाद करणारं ते बटण बंद ठेवायचं. त्याने मान डोलावली आणि विचारलं, ‘कळवायचं म्हणजे कोणत्या टेबलावर, काका?’

त्याचं उत्तर जिल्हाधिकारी कार्यालयाने द्यावं. एक टेबल, एक छापील अर्ज, सापडलेल्या वस्तूची पावती, आणि तीन चतुर्थांश वाट्याची ठळक मराठी पाटी प्रत्येक ग्रामपंचायतीत. भिवापूर, कुही, रामटेक, पवनीकडची नांगरणी सुरू होण्याआधी हे झालं पाहिजे, कारण विदर्भातली जुनी वस्तू डिटेक्टरच्या आधी नांगराच्या फाळाला लागते.