कान्हेरीला जाताना मोत्याला घरीच ठेवा



एका भगिनीने पत्रातून विचारले आहे की, सुट्टीत मुलांना घेऊन कान्हेरी लेणी पाहायला जायचे आहे. घरच्या मोत्यालाही न्यावे असा मुलांचा हट्ट आहे. साखळी बांधून नेला तर काय बिघडते?

बिघडते, ताई. शंभराहून अधिक लेणी, त्यांतल्या पाण्याच्या पोढ्या, भिक्खूसंघाचा शेकडो वर्षांचा वास, हे सारे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे रान बिबळ्यांचे आहे आणि कुत्रा हे बिबळ्याचे नेहमीचे भक्ष्य. साखळीतल्या कुत्र्याला पळताही येत नाही आणि साखळीचे दुसरे टोक आपल्या लेकराच्या हातात असते!

दुसरी गोष्ट रोगाची. कुत्र्यांना डिस्टेंपर नावाचा आजार होतो. १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत याच आजाराने सुमारे एक हजार सिंह मेले. तो वस्त्यांवरच्या कुत्र्यांकडून पसरल्याचे मानले जाते. आपल्याकडे गीरमध्ये २०१८ साली वीसहून अधिक सिंह दगावले, त्यांतल्या काहींत हाच विषाणू सापडला. लस टोचली म्हणजे झाले, असेही नाही. कुत्र्याच्या वासाने आणि भुंकण्याने चितळ-भेकरे बिचकतात, पाण्यावर यायची टाळतात.

म्हणूनच राष्ट्रीय उद्यानात पाळीव कुत्रा नेऊ देत नाहीत. फाटकावर अडवले तर पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नये. तोही आपल्यासारखाच हातावर पोट असलेला माणूस. आणि 'पाड्यांवर कुत्री चालतात, मग आमचाच का नको?' असेही म्हणू नये. वारली कुटुंबे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यांची कुत्री राखणीची. आपण जातो सहलीला.

आमच्या काही वडीलधाऱ्यांना कुत्र्यांचे हे लाड पाहून राग येतो. तो समजण्यासारखा आहे. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी जनावरांना खुले आणि आपल्या माणसांना बंद होते. त्यासाठी बाबासाहेबांना १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. पण त्यात मुक्या जनावराचा काय दोष? दोष बंदी घालणाऱ्यांचा.

मुलांना नुसते 'नाही' म्हणू नका, सम्राट अशोकाची गोष्ट सांगा. राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर कोरवलेल्या स्तंभलेखात त्याने पोपट, मैना, वटवाघूळ, कासव, साळिंदर अशा कितीतरी जीवांना अभय दिले आणि विनाकारण रान पेटवू नये असेही बजावले. कान्हेरीहून फार दूर नसलेल्या सोपाऱ्याला त्याच्या शिलालेखांचे तुकडे मिळाले आहेत. मुले ऐकतील.

मोत्याला दिवसभर शेजाऱ्यांकडे ठेवा, भरपूर पाणी ठेवा. 'फाटकाबाहेर गाडीत बसेल' हा विचारही नको. उन्हात बंद गाडीत कुत्रा थोड्याच वेळात दगावतो. डिस्टेंपर आणि रेबीज, दोन्हींची लस वेळेवर टोचून घ्या.

उद्यानालगतच्या वस्त्यांत राहणाऱ्यांसाठी आणखी एक. रात्री कुत्रा अंगणात बांधू नये आणि उष्टे-खरकटे उघड्यावर टाकू नये. त्यावर भटकी कुत्री जमतात आणि त्यांच्या मागावर बिबळा थेट चाळीच्या दारापर्यंत येतो.