बिऱ्हाड पाठीवर

दिवाळीच्या सुटीला आठ दिवस उरले की आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत दोन प्रश्न फिरू लागतात. पहिला, "यंदा कुठे?" आणि दुसरा, "गाडी कोणती?" गेल्या वर्षी पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी मोठ्या ऐटीत दिले. "कोकणात. गुहागरला." मंडळींच्या मुद्रा प्रसन्न झाल्या. दुसऱ्या प्रश्नाला मी म्हणालो, "एस.टी." त्याबरोबर त्या मुद्रांवर अशी काही कणव पसरली, की जणू घरात सुतक असलेल्या माणसाला चुकून फराळाचे आमंत्रण गेले आहे. एक सहकारी तर माझ्या खांद्यावर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाले, "सर, अडचण होती तर आधी सांगायचं ना. माझी गाडी न्या."

त्यांचा हेतू चांगला होता. माझे त्यांच्याशी भांडण नाही. माझे भांडण त्या कणवेशी आहे.

वाचकहो, 'गाडी' या शब्दाचे काय झाले ते जरा पाहा. माझ्या लहानपणी आमच्या जामखेड तालुक्यात कोणी "गाडी आली" म्हटले, की कोणती, हे विचारण्याची गरज पडत नसे. गाडी एकच होती, ती लाल होती, आणि ती सर्वांची होती. सरपंच तिनेच जात, सावकार तिनेच जाई, बाळंतपणाला निघालेली लेक तिनेच येई आणि कोंबड्यांची पाटी घेतलेली म्हातारीही तिनेच बाजार गाठी. आज तोच शब्द ज्याच्या त्याच्या दारात उभा आहे, त्याला कुलूप आहे, आणि त्यावरून माणसाची किंमत ठरते. ज्याच्या दारात ती नाही तो बिचारा. आणि जो मुद्दाम एस.टी.ने आणि पायी हिंडतो, तो एक तर कंजूष नाहीतर विक्षिप्त! 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण घर नसलेल्यासाठी वापरतो. घर असून चार दिवस बिऱ्हाड पाठीवर घेणारा माणूस आपल्या म्हणींतही बसत नाही.

मी कंजूष आहे की विक्षिप्त, हे आमच्या सौ. ठरवतील. मला सांगायचे आहे ते एवढेच, की अशा हिंडण्याने आम्हांला जे दिसले ते गाडीवाल्याला दिसत नाही. आणि त्याहून महत्त्वाचे, आपण सुशिक्षित मंडळी एस.टी.तून उतरलो त्याची किंमत आपण भरत नाही, दुसरेच कोणी भरते.

गुहागर तालुक्याचा नकाशा एकदा समोर धरा. पश्चिमेला अरबी समुद्र. उत्तरेला वाशिष्ठी नदी दाभोळच्या खाडीने समुद्राला मिळते, दक्षिणेला शास्त्री नदी जयगडच्या खाडीने. तीन बाजूंनी पाणी आणि पूर्वेला तेवढी चिपळूणकडची जमीन. "तीन बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागास द्वीपकल्प म्हणतात," ही व्याख्या मी वर्षानुवर्षे पोरांकडून घोकून घेत आलो आहे. परंतु त्या व्याख्येवर स्वतःचे पाय कधी ठेवले नव्हते. ते ठेवावेत म्हणून मी, सौ. आणि आठवीतली मुलगी, असे तिघे निघालो. तीन सॅका, त्यांपैकी एकीत चिवडा आणि कडबोळी. २०२३ सालच्या मार्चपासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे. त्यामुळे तिघांचा प्रवास दोघांच्या पैशांत झाला, आणि आपण आता घरात अल्पसंख्य आहोत हे मला कंडक्टरने शिट्टी मारण्यापूर्वीच कळले. नगर, पुणे, मग रात्रीच्या गाडीने कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, आणि तिथून गुहागर. पुढे पाच दिवस नियम एकच: गाडी मिळेल तिथवर गाडीने, नंतर पायी.

पहिला धडा अंजनवेलला मिळाला. 'दाभोळ वीजप्रकल्प' हे नाव १९९०च्या दशकात वर्तमानपत्रांत वाचून वाचून आमची पिढी मोठी झाली. हा प्रकल्प दाभोळला आहे, असे मी तीस वर्षे समजत होतो. प्रत्यक्षात दाभोळ गाव खाडीच्या पलीकडे, दापोली तालुक्यात. आणि प्रकल्प उभा आहे तो अलीकडे, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल-वेलदूर भागात. गोपाळगडाच्या तटाशी उभे राहिले की एकाच नजरेत खाडी, पलीकडचे दाभोळ आणि अलीकडचा प्रकल्प असा उलगडा होतो. तीस वर्षांचे अज्ञान अर्ध्या तासाच्या चालण्याने गेले! मुलगी म्हणाली, "बाबा, मग तुम्ही वर्गात काय शिकवत होता?" मी गोपाळगडाच्या तटाकडे पाहत राहिलो.

दुसरा धडा बामणघळीचा. हेदवी गावाजवळ समुद्रकाठच्या खडकाला एक अरुंद चीर पडली आहे. भरतीच्या वेळी लाट तीत घुसते, कोंडते आणि उंच फवारा होऊन वर उडते. आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. आमची परतीची गाडी पुष्कळ उशिराची, म्हणून आम्ही खडकावर बसून राहिलो. तेवढ्या वेळात चार मोटारी येऊन गेल्या. मंडळी उतरली, घळीत डोकावली, "अरे, इथे तर काहीच नाही!" म्हणाली, त्या काहीच नसण्यासमोर उभे राहून फोटो काढले आणि पुढच्या ठिकाणाला लागली. त्यांना त्या दिवशी आणखी तीन ठिकाणे 'करायची' होती. मग हळूहळू पाणी चढले. पहिला फवारा उडाला तेव्हा तिथे आम्ही तिघे आणि एक गुराखी, एवढेच होतो. समुद्राला हॉर्न ऐकू येत नाही, हे त्या मोटारवाल्यांना कोणीतरी सांगायला हवे होते.

अर्थात त्या फवाऱ्याच्या नादात आमची गाडी चुकली. चूक सर्वस्वी आमची. पण ती चुकली म्हणून तिसरा धडा मिळाला, आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. नरवणच्या बाजूला आम्ही सड्यावरून चालू लागलो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे पठार. पर्यटनाच्या पुस्तकांत कोकण म्हणजे नारळी-पोफळी. परंतु पाखाडी चढून सड्यावर आलो आणि आम्ही तिघेही थबकलो. वाळलेले पिवळे गवत, उघडा कातळ, दूरवर एखादे झाड. हा तर हुबेहूब आमच्या जामखेडचा माळ! पुढच्या फाट्यावर गाडीची वाट पाहत एक बाई बसल्या होत्या. आम्ही दुष्काळी भागातले, हे कळल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आमच्या वाडीतही वैशाखात टँकरच येतो हो." सौ.ना खरे वाटेना. आमच्या जिल्ह्यात वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस. इथे तीन हजारांच्या वर. पण तो सारा जांभ्यातून निथळतो, उतारावरून धावत खाडीला जातो, आणि वैशाखात बाईच्या डोक्यावर हंडा तो हंडाच राहतो. मग गाडी येईपर्यंत, आणि आल्यावर तावसाळपर्यंत, त्या दोघी पाण्यावर बोलत होत्या. विहीर किती खोल, टँकर किती दिवसांनी, रांगेत भांडणे कशी होतात. तीनशे किलोमीटर अंतर आणि मधला सह्याद्री त्या बाकड्यावर कुठच्या कुठे गेला. काचा वर केलेल्या मोटारीत ही बाई आम्हांला भेटली असती का? आम्ही नारळाची झाडे मोजत तिच्या शेजारून निघून गेलो असतो.

तावसाळहून फेरीबोटीने खाडी ओलांडून आम्ही जयगडला उतरलो, आणि आमचे द्वीपकल्प संपले.

आता आक्षेप. पहिला आक्षेप वेळेचा. "आम्हांला चारच दिवस असतात." कबूल. पण त्या चार दिवसांत बारा ठिकाणे पाहायची, ही सक्ती कोणी केली? दुसरा आक्षेप आईवडिलांचा आणि लेकरांचा. त्याला मी मान देतो. गुडघे दुखणाऱ्या आईला सडा चढवू नका. आजारी माणसाला दारात गाडी हवीच. मी वैरागी नाही. माझ्याही दारात एक मोटरसायकल आहे आणि तिला मी दसऱ्याला हार घालतो. परंतु धडधाकट चार माणसे, पैकी दोन रोज सकाळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून पाच किलोमीटर चालणारी, समुद्राला भेटायला जाताना मोटारीतून थेट वाळूत उतरतात आणि चाके रुतली की गावातल्या पोरांना हाका मारतात, त्यांना कोणत्या गुडघ्यांची सबब आहे?

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक असतो. "लोक काय म्हणतील?" आणि इथेच आपल्या जिल्ह्याची मला खरी लाज वाटते.

पुण्याहून एस.टी.ची पहिली गाडी सुटली ती १ जून १९४८ रोजी, आणि ती आली कुठे? आपल्या नगरला! साऱ्या महाराष्ट्रात हा मान आपला. ज्यांचे नाव २०२४ साली आपल्या जिल्ह्याला मिळाले, त्या अहिल्याबाई १७२५ साली आमच्याच तालुक्यात, चोंडीला जन्मल्या. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी घाट बांधले, बारवा खोदल्या, धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभारली. कोणासाठी? पालखीत बसणाऱ्याला बारवेची ओढ नसते. ते सारे बांधकाम पाठीवर बोचके घेऊन पायी निघालेल्या माणसासाठी होते. आषाढीला निवृत्तिनाथांची पालखी आपल्या जिल्ह्यातून पायी जाते, तेव्हा आपण वारकऱ्यांच्या पायांना हात लावतो. १८५७ साली वरसईचे विष्णुभट गोडसे कोकणातून उत्तरेकडे पायी निघाले, त्यांचा 'माझा प्रवास' आपण कौतुकाने वाचतो. देवासाठी चाललेला पूज्य, इतिहासात चाललेला थोर. आणि शेजारचा मास्तर पोरीला समुद्र दाखवायला चालला, तर तो बिचारा!

पण हे सारे केवळ हौसेचे असते, तर मी दिवाळीच्या दिवसांत आपल्या फराळात हा खडा टाकला नसता. आमच्या शाळेत सात किलोमीटरवरच्या एका वाडीतून आठ मुली येत. खेड्यांतल्या मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास मिळतो. त्या योजनेलाही अहिल्याबाईंचेच नाव आहे. मुलींकडे पास होते. संध्याकाळची एक फेरी होती. पण त्या फेरीला मुलींखेरीज तिकीट काढणारे कोणी उरले नाही, आणि फेरी बंद झाली. आम्ही सभा भरवली. अर्ज लिहिला. सह्या करायला चाळीस माणसे आली. आणि ती चाळीसच्या चाळीस माणसे आपापल्या मोटारींतून नाहीतर मोटरसायकलींवरून आली. शाळेचे मैदान वाहनांनी भरले. मीही त्यांतलाच. खुर्चीवर बसून मी अर्ज वाचून दाखवत होतो, 'सदर मार्गावर प्रवाशांची मोठी गैरसोय होत आहे,' आणि दारात उभ्या असलेल्या त्या आठ मुली मैदानाकडे पाहत होत्या. त्या पाहण्याचा अर्थ मला त्या रात्री झोपताना कळला. त्या अर्जावर सही करण्याचा अधिकार त्या मैदानावर कोणालाच नव्हता.

आज आठांपैकी पाच मुली शाळेत येतात, कोणाच्या तरी मोटरसायकलीवर मागे बसून. तिघी घरी आहेत.

गाडी सर्वांची असते ती सर्व जण तिच्यात बसतात तोवरच. डॉक्टर, वकील, मास्तर, मामलेदार उतरले, की ज्यांचा आवाज कचेरीत ऐकला जातो ते उतरले; मागे उरले ते ज्यांना दुसरा इलाज नाही ते. आणि इलाज नसलेल्यांची गाडी बंद व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून माझी विनंती आहे, आणि ती मी आधी स्वतःला करतो. दारातली गाडी विकू नका. वर्षातून एक सुटी, एकच, तिला झाकून ठेवा. एस.टी.चा 'आवडेल तेथे प्रवास' नावाचा चार दिवसांचा आणि सात दिवसांचा पास असतो. नाव इतके सुंदर, की तेवढ्यासाठीसुद्धा काढावा. कोकण दूर वाटत असेल तर आपलाच अकोले तालुका आहे. भंडारदऱ्याच्या पाण्याकाठची गावे पायी हिंडायला एक सुटी पुरणार नाही. पोरांच्या पाठीवर त्यांची त्यांची सॅक द्या. फाट्यावर वाट पाहू द्या. शेजारी बसलेल्या म्हातारीशी बोलू द्या. आणि सुटी संपल्यावर निदान आठवड्यातून एकदा, बाजाराला म्हणा, कचेरीला म्हणा, तिकीट काढून जा.

यंदा सुटीचे दिवस जवळ आले तसा तोच सहकारी पुन्हा माझ्याजवळ आला. मी मनाशी उत्तर तयार ठेवले होते. पण त्याने इकडेतिकडे पाहिले आणि हळूच विचारले, "सर, चिपळूणची गाडी पुण्याहून किती वाजता असते हो?"