जकार्ताला बुडवले ते बोअरवेलनी

नोव्हेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी महानगरांची नवी क्रमवारी जाहीर केली आणि टोकियोचा पहिला क्रमांक जकार्ताकडे गेला. उपनगरांसह लोकसंख्या सुमारे ४ कोटी १९ लाख. या बातमीच्या पाठोपाठ जुनेच पालुपद सुरू झाले: जकार्ताला समुद्र गिळतो आहे, हवामानबदलाचा हा पहिला मोठा बळी, आता इलाज नाही, आणि म्हणूनच इंडोनेशिया राजधानी बोर्निओच्या जंगलात हलवतो आहे. या साखळीची पहिली कडीच कच्ची आहे. ती तुटली की पुढचे सगळे निष्कर्ष कोसळतात.

आधी मापे पाहू. समुद्राची पातळी वर्षाला काही मिलिमीटरने चढते. उत्तर जकार्ताची जमीन मात्र वर्षाला कित्येक सेंटिमीटरने खचत आली आहे. काही ठिकाणी हा वेग २५ सेंटिमीटरपर्यंत नोंदला गेला. शहराचा सुमारे ४० टक्के भाग आज समुद्रसपाटीच्या खाली आहे. समुद्र चढतो हे खरेच, आणि पुढे तो अधिक चढेल. पण आजवर जे घडले त्याचा मुख्य दोष त्याच्या माथी मारता येत नाही.

मुआरा बारू या किनाऱ्यावरच्या वस्तीला काँक्रीटच्या भिंतीचा आधार आहे. भिंतीच्या अलीकडे घरे, दुकाने, दुचाक्या. पलीकडे समुद्र, आणि त्याचे पाणी अलीकडच्या रस्त्यापेक्षा उंच. भिंतीबाहेर वाल अधुना नावाची एक मशीद उभी आहे. छप्पर गेलेले, खांबांवर शेवाळ, जिथे नमाज पढला जाई तिथे भरतीचे पाणी. जगभरच्या वृत्तपत्रांनी तिची छायाचित्रे छापली. याच उत्तर जकार्ताच्या गल्ल्यांतून हातगाडीवर प्लास्टिकचे कॅन रचून पाणी विकणारे फिरतात. त्यांची छायाचित्रे क्वचितच दिसतात. शहर का बुडते याचे उत्तर त्या हातगाडीवर आहे.

जकार्ता वसले आहे तेरा नद्यांनी आणलेल्या गाळावर. खाली वाळूचे आणि चिकणमातीचे थर आहेत, आणि वरचा भार तोलून धरण्यात त्या थरांतल्या पाण्याच्या दाबाचा वाटा असतो. खोल बोअर मारून पाणी उपसले की दाब उतरतो आणि चिकणमाती आवळून खाली बसते. एकदा बसलेला थर नंतर पाणी मिळाले तरी पूर्ववत होत नाही. नवा गाळ आपोआपही बसतो आणि उंच इमारतींचे वजनही त्यात भर घालते, हे मान्य. पण माणसाला आवरता येणारे कारण आहे ते उपसा.

मग उपसा करतो कोण? इथे दुसरा आरोप पुढे येतो: नदीकाठच्या झोपड्या. पुराचे खापर त्यांच्यावर फोडून शहराने वस्त्याच्या वस्त्या उठवल्या. २०१६ मध्ये जुन्या बंदराजवळच्या कम्पुंग अक्वारियुम या वस्तीवर बुलडोझर फिरला. नदी अडवली जाते हे खोटे नाही, पण जमिनीखालच्या खोल थराला झोपडी हात लावत नाही. उथळ विहीर वरचे पाणी काढते. खोल थरापर्यंत पोचतात कारखाने, हॉटेले आणि मॉल. २०१८ मध्ये प्रशासनाने थाम्रिन या शहराच्या सर्वांत झगझगीत रस्त्यावरच्या ८० इमारती तपासल्या. ५६ इमारतींत स्वतःचे भूजलपंप सापडले आणि त्यांतल्या ३३ इमारती बेकायदा उपसा करत होत्या. याला झोपडपट्टीचा दोष म्हणायचे काय?

नळ असता तर बोअर कशाला मारला असता, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर इतिहासात आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६१९ मध्ये जयकार्ता जाळून तिथे बटाव्हिया वसवले. (वेंगुर्ल्याला डचांच्या वखारीचे अवशेष आजही उभे आहेत. शिवाजी महाराजांच्या हालचालींची खबर देणारी तिथल्या डचांची पत्रे याच बटाव्हियाच्या किल्ल्यात पोचत.) डचांनी हॉलंडच्या धर्तीवर कालवे खणले. ते तुंबले आणि अठराव्या शतकात हिवतापाने माणसे झपाट्याने मरू लागली. १८०८ मध्ये आलेल्या गव्हर्नर-जनरल डेंडल्सने यावर काय केले? कालवे दुरुस्त करण्याऐवजी त्याने सत्तेचे ठाणेच दक्षिणेला उंच जागी, वेल्टेफ्रेडनला हलवले. ज्यांना जाणे शक्य नव्हते ते जुन्या शहरात राहिले. पुढे नळ आले तेही आधी युरोपीय वस्तीत.

स्वतंत्र इंडोनेशियाने ही विषमता पुरती मोडली नाही. सुहार्तोंच्या राजवटीत, १९९७ मध्ये, चिलिवुंग नदी ही सीमारेषा मानून शहराचा पाणीपुरवठा परदेशी भागीदारी असलेल्या दोन खासगी कंपन्यांना वाटून दिला गेला. करार २०२३ मध्ये संपले तेव्हा नळ पोचला होता सुमारे दोन तृतीयांश लोकांपर्यंत.

आता नुसंतारा ही नवी राजधानी. २०१९ मध्ये घोषणा झाली, २०२२ मध्ये कायदा झाला. अंदाजे खर्च ४६६ लाख कोटी रुपिया. तिथे मंत्रालये जातील, काही लाख माणसे जातील. जकार्ताचे चार कोटी लोक आहेत तिथेच राहतील. हे डेंडल्सचेच पाऊल आहे, फक्त या वेळी अंतर हजार किलोमीटरहून अधिक. दुसरा उपाय भिंतीचा. अध्यक्ष प्रबोवो सुबियांतो यांनी २०२५ मध्ये जावाच्या उत्तर किनाऱ्यावर सुमारे ५०० किलोमीटर लांबीच्या सागरी भिंतीची, ८० अब्ज डॉलरची योजना पुढे रेटली. भिंत भरती अडवील. तिच्या आतली जमीन खचायची कशी थांबेल? खचलेल्या जमिनीवरून तेरा नद्यांचे पाणी आपणहून समुद्रात जात नाही, ते पंपाने वर उचलून टाकावे लागते. आणि जमीन बसत राहिली तर भिंतही तिच्याबरोबर बसेल.

शहराचे खचणे थांबवता येते, आणि त्याचा दाखला टोकियो देते. तिथल्या कोतो भागातली जमीन विसाव्या शतकात चार मीटरहून अधिक खचली. जपानने १९५६ मध्ये कारखान्यांच्या आणि १९६२ मध्ये इमारतींच्या भूजल उपशावर कायद्याने बंधने घातली, आणि जोडीला तोने नदीचे पाणी शहरात आणले. १९७०च्या दशकात खचणे ओसरले. भूजल इतके वर आले की जमिनीखालची रेल्वे स्थानके उचलली जाऊ नयेत म्हणून ती नांगरून धरण्याची वेळ आली. बँकॉकनेही उपशावर आकार लावून खचण्याचा वेग कमी केला.

जकार्ताला हे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी त्याच शहराचे काम पाहावे. गव्हर्नर अली सादिकिन यांच्या काळात, १९६९ पासून, वस्त्या न उठवता त्यांत पायवाटा, गटारे आणि पाणी नेणारा कम्पुंग सुधार कार्यक्रम चालला. त्याला १९८० मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला. बुलडोझर फिरलेल्या कम्पुंग अक्वारियुमच्या रहिवाशांना २०२१ मध्ये त्याच जागी नव्या इमारतींत घरे मिळाली. शहराच्या पश्चिम भागाला पाणी देऊ शकणाऱ्या कारियान धरणाचे जानेवारी २०२४ मध्ये उद्घाटन झाले, आणि २०३० पर्यंत घरोघरी नळ हे प्रशासनाचे जाहीर लक्ष्य आहे.

तेव्हा क्रम हाच हवा: आधी नळ, त्याबरोबर मोठ्या इमारतींचे बोअर बंद, आणि मग जिथे गरज उरेल तिथे भिंत. हा क्रम उलटा करून पैसा आधी भिंतीत आणि नव्या राजधानीत ओतणाऱ्या प्रत्येक योजनेला मुआरा बारूच्या लोकांनी विरोध करावा, आणि बाहेरच्यांनी त्यांना साथ द्यावी.