भार भिंतीवर, कीं खांबावर?

न्यायशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांत एक जुनी थट्टा चालत आलेली आहे. एक नैयायिक बाजारांतून तूप घेऊन निघाला. वाटेंत त्यास शंका आली कीं, पात्र तुपाच्या आधारानें आहे, कीं तूप पात्राच्या? शंकेचें निरसन व्हावें म्हणून त्यानें पात्र पालथें केलें. आणि आधार कोणता व आधेय कोणतें याचें ज्ञान त्यास तूप गमावून झालें. या गोष्टीस आपण पोटभर हसतों. परंतु आमच्या नागपुरांतील कित्येक सुशिक्षित घरीं आज हाच प्रयोग चालू आहे. फरक इतकाच कीं, तुपाच्या जागीं दूरचित्रवाणीचा भारी संच असतो, आणि पात्राच्या जागीं जिप्समच्या तक्त्यांची पोकळ भिंत.

संच भिंतीवर चढला, ही गोष्ट फार जुनी नव्हे. मुंबईस दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजीं सुरू झालें, व देशांत रंगीत चित्रें 1982 सालीं आलीं. त्या काळचा संच म्हणजे एक जाडजूड पेटी. 1987 सालीं रविवारीं सकाळीं ‘रामायण’ पाहण्यास आळींतील मंडळी जमत, तेव्हां ती पेटी भक्कम मेजावर भरतकामाचें वस्त्र पांघरून बसलेली असे. ती कोणी भिंतीस टांगील अशी शंकाही कोणास आली नाहीं. आतांचा संच पाटीसारखा पातळ असल्यामुळें आपण त्यास तसबीर समजूं लागलों आहों. पण 55 इंचांचा संच बहुधा 15 ते 18 किलो भरतो, व 65 इंचांचा 20 ते 25 किलो. वीस किलोंची तसबीर आपल्या आजोबांनीं एका खिळ्यावर टांगली नसती.

आजोबांनीं काय केलें असतें, तें पाहण्यासारखें आहे. महाल, इतवारी या भागांतील जे थोडे जुने वाडे अजून उभे आहेत, त्यांत भार वाहतात ते सागवानी खांब व तुळया. भिंत जाड असली तरी तिच्या गिलाव्यावर कोणी विश्वास ठेवीत नसे. जड वस्तूंसाठीं खुंट्या बांधकामाच्या वेळींच भिंतींत खोलवर बसवीत, दिवे व पोथ्या यांसाठीं कोनाडे ठेवीत, आणि मोठी तसबीर दोरीनें तुळईपासून सोडीत. खेड्यांतील घर तर अधिकच बोलकें. वऱ्हाडांत व नागपूरकडे कुडाच्या भिंती असत. बांबूच्या कामट्या, तुऱ्हाट्या किंवा पऱ्हाट्या उभ्या बांधून त्यांवर मातीशेणाचा लेप दिलेला. कूड वारा अडवितो, दृष्टि अडवितो. भार मात्र वाहत नाहीं. तो वाहते मेढ. म्हणून शेतकरी औताचा दोर व कंदील मेढीला अडकवी, कुडाला नव्हे. हें त्यास कोणत्याही पाठशाळेंत शिकविलेलें नव्हतें.

आमचें सांगणें एवढेंच आहे कीं, जिप्समची भिंत म्हणजे नव्या वेषांतील कूडच होय. जिप्समचा चुरा भाजून, पाण्यांत कालवून, दोन जाड कागदांच्या मधें ओतून हे तक्ते करतात. अमेरिकेंत ऑगस्टीन सॅकेट नांवाच्या गृहस्थानें अशा तक्त्यांचें पेटंट 1894 सालीं मिळविलें. आपल्याकडे बहुधा 12.5 मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच, जाडीचा तक्ता वापरतात. तो जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या उभ्या खांबांवर स्क्रूंनीं बसवितात, सांधे भरतात, वर लांबी व रंग लावतात. झालेली भिंत इतकी नितळ दिसते कीं, ती आंतून रिकामी आहे हें पाहुण्यासच नव्हे, घरधन्यासही आठवत नाहीं. हलकी, झटपट होणारी व घराच्या सांगाड्यावर भार न टाकणारी अशी ती चांगलीच वस्तु आहे. दोष तिचा नाहीं. कुडाकडून मेढीच्या कामाची अपेक्षा करणाऱ्याचा आहे.

आमच्या परिचयाचें एक एकत्र कुटुंब महालांतील वाडा सोडून पश्चिम नागपुरांत नव्या इमारतींत राहावयास गेलें. मोठ्या दिवाणखान्याचे दोन भाग करण्यास मधें अशीच भिंत घातलेली होती. दिवाळीस संच आला. जोडणीस आलेल्या तरुणानें चार भोकें पाडलीं, चार प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या, संच टांगला, आणि अर्ध्या तासांत चहा घेऊन तो निघून गेला. चैत्रांत एके दिवशीं घरांतला सात वर्षांचा मुलगा म्हणाला, “पणजी, टीव्ही तुला वांकून नमस्कार करतो आहे!” सारे हसले. आजी तेवढ्या हसल्या नाहींत. दुपारच्या वेळीं वाती वळीत त्या नेमक्या त्याच भिंतीशीं बसत, आणि रांगतें पोर त्यांच्या पुढ्यांत खेळे. त्यांनीं चष्मा लावून वर पाहिलें, तों वरच्या दोन स्क्रूंभोवतीं रंगास तडे गेलेले, व संचाचा वरचा कांठ भिंतीपासून बोटभर सुटलेला. संच उतरविला तेव्हां गिट्ट्या नुसत्या बोटांनीं बाहेर आल्या, आणि भोकांतून पांढरी भुकटी गळली.

त्या घरचा कर्ता मुलगा आमचा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, “गुरुजी, एकेक गिट्टी दहा किलो सोसते असें पुडीवर लिहिलें होतें. चार गिट्ट्या, चाळीस किलो. आणि संच अवघा अठराचा. मग चूक कोठें झाली?” आम्ही म्हणालों, “बेरीज बरोबर आहे रे, पण हा प्रश्न बेरजेचा नव्हे, तरफेचा आहे.”

तो हिशेब येथें देतों. कारण सारें मर्म त्यांतच आहे. भिंतीवर टांगलेली वस्तु केवळ खालीं ओढीत नाहीं. ती वरच्या स्क्रूंना बाहेरही ओढते. संच व ब्रॅकेट मिळून 20 किलो धरा, आणि वरच्या स्क्रूंपासून ब्रॅकेटच्या खालच्या कांठापर्यंत अंतर 40 सेंटिमीटर धरा. संच भिंतीस चिकटून, म्हणजे त्याचा मध्य भिंतीपासून 5 सेंटिमीटरांवर असेल, तर बाहेरची ओढ 20 गुणिलें 5 भागिलें 40, म्हणजे अवघी अडीच किलो. पण पुढें ओढून हवा तसा वळविण्याचा हात असलेला ब्रॅकेट घेतला, आणि संच 50 सेंटिमीटर पुढें आणला, तर तीच ओढ 25 किलो होते. वजन तेंच, ओढ दसपट! त्यांत एखाद्या मुलानें कांठास लोंबकळून पाहिलें, तर काय होईल हें सांगावयास नको. विटेंत गिट्टी सर्व लांबीभर घट्ट धरली जाते. येथें तिला धरावयास अर्ध्या इंचाचें ठिसूळ जिप्सम, आणि मागें पोकळी. दार आपटलें, संच जरा हलविला, कीं भोक किंचित् रुंदावतें. आणि सहा महिन्यांत संच नमस्कार करूं लागतो.

तेव्हां पहिलें काम म्हणजे भिंत ओळखणें. बोटाच्या पेरानें ठोकून पाहावें. विटेची भिंत बद्द वाजते व बोटास लागते. तक्त्याची भिंत ढोलकाप्रमाणें पोकळ बोलते. कोराडी व खापरखेडा येथील वीजकेंद्रांच्या राखेच्या ज्या विटा आपल्याकडे वापरतात, त्या भरीव असतात व गिट्टी चांगली धरतात. सच्छिद्र हलक्या ठोकळ्यांची भिंत पोकळ नसली तरी मऊ असते. तिच्यासाठीं तिच्याच जातीच्या लांब गिट्ट्या घ्याव्या.

भिंत तक्त्याची निघाली तर मेढ शोधावी. एक लहान लोहचुंबक दोऱ्यास बांधून भिंतीवरून आडवा फिरवावा. जेथें तो ओढला जाईल तेथें रंगाखालीं स्क्रूचें डोकें आहे. आणि अशीं डोकीं एकाखालीं एक सरळ रेषेंत सांपडलीं, म्हणजे तेथें उभा खांब आहे. दोन खांबांत बहुधा 600 मिलिमीटर, सुमारें दोन फूट, अंतर असतें. भोक पाडण्यापूर्वीं विजेचें मुख्य बटण बंद करावें. कारण पोकळींतून तारा गेलेल्या असतात, व त्या बहुधा बटणांच्या सरळ वर किंवा खालीं उतरतात.

आतां उपाय, उत्तमापासून कनिष्ठापर्यंत. भिंत अजून उभारावयाची असेल, तर संचाच्या जागीं दोन खांबांच्या मधें 18 मिलिमीटर जाडीचें प्लायवुड बसवून मगच वर तक्ता लावावा. त्या वेळीं होणारा खर्च अत्यल्प, आणि बाहेरून कांहींच दिसत नाहीं. भिंत झालेली असेल, तर तेंच प्लायवुड बाहेरून, तीन खांबांस पुरेल इतकें, म्हणजे चार फुटांहून थोडें अधिक रुंद घेऊन, प्रत्येक खांबांत पुष्कळ स्क्रू घालून बसवावें व रंगवावें. येथें एक खुबी ध्यानांत ठेवावी. पत्र्याचा हा खांब बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो, म्हणून एका स्क्रूवर भिस्त न ठेवतां भार अनेक स्क्रूंवर वांटला पाहिजे. नुसता ब्रॅकेट अरुंद असल्यामुळें बहुधा एकाच खांबावर पडतो. प्लायवुडामुळें तीन खांब एका जुवाखालीं येतात. तिसरा उपाय टॉगल बोल्टचा; त्याचे पंख पोकळींत शिरल्यावर छत्रीप्रमाणें उघडतात व तक्त्यास मागून धरतात. पण तोही तक्त्यासच धरतो, मेढीला नव्हे. म्हणून तो लहान संचासाठीं व भिंतीलगतच्या ब्रॅकेटसाठींच ठेवावा, आणि पुडीवर छापलेल्या आकड्याचा चौथा हिस्साच खरा मानावा. पुढें येणारा हात तक्त्याच्या नुसत्या भिंतीवर कधींही लावूं नये.

आणि चौथा उपाय, ज्याची कोणास लाज वाटूं नये: संच टांगूंच नये. रुंद, बुटक्या, भक्कम कपाटावर ठेवावा, व मागून पट्ट्यानें बांधावा, म्हणजे मुलांनीं ओढला तरी पालथा होणार नाहीं. वर सांगितलेल्या घरीं अखेर सुतारानें तीन खांबांवर प्लायवुड बसविलें; तरी आजींनीं आपली वातींची जागा समोरच्या भिंतीशीं नेली, ती नेलीच. त्यांच्या या निर्णयावर आमची कांहीं तक्रार नाहीं.

नागपूरकरांनीं आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावी. वैशाखांत पारा 45 अंशांवर चढतो आणि घरोघर कूलर भिजल्या ताट्यांतून दमट वारा सोडूं लागतात. जिप्समचा गाभा ओलावा शोषतो, आणि ओलसर गाभ्यांतील स्क्रू सैल होतो. हिरव्या कागदाचे, ओलीस तोंड देणारे तक्ते मिळतात. ते ओल लांबवितात, नाहींशी करीत नाहींत. म्हणून कूलरचा झोत ज्या भिंतीवर पडतो, किंवा न्हाणीघराची जी पाठ आहे, त्या भिंतीवर संच लावूं नये.

आपल्या शास्त्रकारांनीं स्थूणानिखनन म्हणून एक न्याय सांगितला आहे. खांब पुरतांना तो पुन्हांपुन्हां हालवून पाहतात. तो उपटावा म्हणून नव्हे, तर दृढ व्हावा म्हणून. शास्त्रकार सिद्धान्ताची परीक्षा अशी घेत. गृहस्थानें ब्रॅकेटची घ्यावी. संच चढविण्यापूर्वीं ब्रॅकेट दोन्ही हातांनीं खालीं व बाहेर ओढून पाहावा. पाणसळ लावून तो सरळ आहे असें पाहून त्याच्या कडेनें भिंतीवर शिसपेन्सिलीची बारीक रेघ मारावी. आठ दिवसांनीं, महिन्यानें, आणि पुढें प्रत्येक सणाच्या साफसफाईंत ती रेघ तपासावी. केंसभर अंतर पडलें तरी संच त्याच दिवशीं उतरवावा. रविवारची वाट पाहूं नये.

शेवटीं एक विनंती. नवें घर बांधतांना किंवा भिंत घालतांना तक्ते चढण्यापूर्वीं आंतल्या खांबांचें व तारांचें छायाचित्र काढून ठेवावें, त्यावर मापें लिहावीं, आणि तो कागद घराच्या खरेदीखताबरोबर पेटींत ठेवावा. भिंत उभारणारा कारागीर निघून जातो, रंग सारें झांकून टाकतो, आणि वीस वर्षांनीं त्याच भिंतीसमोर आपलीं नातवंडें हातांत ड्रिल घेऊन उभीं राहतात. मेढ कोठें आहे हें त्यांना कोणीतरी सांगितलेलें असलें पाहिजे.