आघाडीची फळी का उभी राहत नाही?

यंदाच्या आंतरशालेय फुटबॉल स्पर्धेत आपला संघ तीन सामने खेळला. एक बरोबरीत सुटला, दोन आपण प्रत्येकी एका गोलाने गमावले, आणि तिन्ही सामन्यांत मिळून आपल्या मुलांना प्रतिपक्षाच्या जाळ्यात एकदाही चेंडू घालता आला नाही. बचावफळीने शर्थ केली. गोलरक्षकाचे कौतुक तर समोरच्या शाळेच्या शिक्षकांनीही केले. तथापि ज्या संघाला गोल करता येत नाही, त्याला फार तर हार लांबणीवर टाकता येते; जिंकता येत नाही. परतीच्या बसमध्ये आपला सेंटर फॉरवर्ड खिडकीच्या गजाला कपाळ टेकून बसला होता. तीन सामन्यांत त्याच्यावर झालेला आरडाओरडा आम्ही ऐकला होता. त्याच्याकडे नीट आलेले चेंडू मात्र आम्हास एका हाताच्या बोटांवर मोजता आले.

त्यानंतर आठवड्याभरातच काही हितचिंतक पालकांकडून सूचना आली, की इतर शाळांतील गोल करणारी दोन तयार मुले हेरून त्यांना पुढील वर्षी आपल्या शाळेत दाखल करून घ्यावे. त्यांच्या वह्या-पुस्तकांचा भार पालक उचलतील. सूचना करणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हास तिळमात्र शंका नाही. शाळेचे नाव व्हावे, हीच त्यांची इच्छा. परंतु ही सूचना आम्हास मान्य नाही, आणि ती का मान्य नाही हे वार्षिकाच्या पानांतून सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की हे दुखणे केवळ आपल्या शाळेचे नाही. ते साऱ्या देशाचे आहे. जानेवारी २०२४ मध्ये कतार येथे आशियाई चषकाची स्पर्धा झाली. भारताचा संघ ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान व सीरिया यांच्याशी खेळला, तिन्ही सामने हरला, आणि त्याला एकही गोल करता आला नाही. पुढे ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात सुनील छेत्री राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला. कुवेतविरुद्धचा तो सामनाही गोलाविना संपला. वर्ष उलटण्यापूर्वीच, मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्याला पुन्हा मैदानात उतरावे लागले, आणि शिलाँगला मालदीवविरुद्ध त्याने गोलही केला. सिकंदराबादेत जन्मलेल्या या खेळाडूचे कौतुक करावे तितके थोडेच. परंतु एवढ्या मोठ्या देशाला त्याच्या जागी उभा करावयास दुसरा तरुण सापडू नये, ही त्याच्या थोरवीइतकीच आपल्या दारिद्र्याचीही खूण आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर सिंगापूरने भारतास २–१ असे हरविले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दारही बंद झाले.

असे का व्हावे? एक उत्तर आकड्यांतच आहे. इंडियन सुपर लीग ही आपल्या देशातील क्लबांची मोठी स्पर्धा २०१४ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून २०२४-२५ पर्यंतच्या अकरा हंगामांत सर्वाधिक गोल करणाऱ्याचे पारितोषिक एकदाही भारतीय खेळाडूस मिळाले नाही. २०२१-२२ चा हंगाम आपल्या राजधानीच्या हैदराबाद संघाने जिंकला, त्याचा आम्हांसही आनंद झाला. पण त्या संघासाठी १८ गोल केले ते नायजेरियाच्या ओगबेचेने. परदेशी खेळाडूंचा यात काही दोष नाही. त्यांच्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. दोष आहे तो घाईचा. क्लबच्या मालकास याच हंगामात विजय हवा असतो, म्हणून गोल करण्याची जागा तो तयार माणसास देतो. मग भारतीय मुलगा कडेला खेळतो, मागे खेळतो, किंवा राखीव खेळाडूंत बसून राहतो. जी जागा कधी वाट्यास येत नाही, तिची विद्या यावी कोठून? नंतर राष्ट्रीय संघ निवडताना आपण शोधाशोध करतो, की गोल करणारा कोठे आहे. तहान लागल्यावर विहीर खणणे ते हेच.

आमच्या हितचिंतक पालकांनी क्षणभर विचार करावा. दोन तयार मुले आणण्याची सूचना आणि क्लबच्या मालकाचा हिशेब यांत काही फरक आहे काय?

बचाव करणे सोपे आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु बचाव म्हणजे समोरच्याचा डाव मोडणे, आणि चढाई म्हणजे आपला डाव रचणे. मोडण्यापेक्षा रचणे केव्हाही कठीण. आघाडीच्या खेळाडूस पुष्कळदा गोलाकडे पाठ करून चेंडू घ्यावा लागतो. पाठीशी प्रतिपक्षाचा धिप्पाड गडी असतो. तो क्षणभर लवकर धावला तर ऑफसाइड ठरतो, क्षणभर उशिरा धावला तर चेंडू निघून जातो. हा क्षण त्याला एकट्याने ठरविता येत नाही; तो चेंडू देणाऱ्याच्या पायावर आणि घेणाऱ्याच्या डोळ्यावर मिळून ठरतो. म्हणूनच आपल्या भाषेत तिला 'फळी' म्हणतात. निरनिराळ्या झाडांचे तुकडे जवळ ठेवल्याने फळी होत नाही. ते सांधावे लागतात, आणि सांधा पक्का व्हावयास काळ लागतो.

हा काळ ज्यांनी दिला, त्यांस फळ मिळाले आहे. आपला आदिलाबाद जिल्हा १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात होता, त्या राज्याच्या पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्या संघाचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मुळात शाळामास्तर होते, हे सांगताना आम्हां शिक्षकांची मान थोडी ताठ होते. चेंडू पायाशी घोळवत न ठेवता एका स्पर्शात सोबत्याकडे द्यावा आणि कमजोर पायही कामास लावावा, म्हणून ते तशा नियमांचे सामने खेळवीत. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांच्या हाताखालील भारतीय संघाने ऑस्ट्रेलियास ४–२ असे हरवून चौथा क्रमांक मिळविला. त्या सामन्यात मुंबईस खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझा या गोमंतकीयाने तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू.

याहून बोधप्रद गोष्ट १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेची आहे. बचावफळीतील जर्नेलसिंग याच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले होते. रहीमसाहेबांनी त्याला बाहेर न बसविता सेंटर फॉरवर्डच्या जागी उभे केले. उपान्त्य सामन्यात त्याने गोल केला, आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिला गोल पी. के. बॅनर्जीने व दुसरा जर्नेलसिंगाने करून भारताने २–१ असे सुवर्णपदक जिंकले. कोणी म्हणेल, पाहा, ऐन वेळी आणलेला माणूसही चालतो! आमच्या मते या गोष्टीचा अर्थ नेमका उलट आहे. जर्नेलसिंग बाहेरून आणलेला नव्हता. तो त्याच घरचा होता. त्याच्या आजूबाजूस पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी आणि सिकंदराबादचा तुळशीदास बलराम हे एकमेकांचा खेळ पुरता ओळखणारे गडी होते. कोणी बंगालचा, कोणी पंजाबचा, कोणी दक्षिणेचा. पण चेंडू कोणाकडे द्यावयाचा हे भाषा विचारून ठरत नव्हते. फळी पक्की होती, म्हणून तिच्यात बचावाचा गडीही बसू शकला.

आता आपल्या मैदानाकडे वळू. आम्ही कोकणीभाषक. आमच्याकडे गोव्यात भातकापणी झाली, की शेतांतच गोल उभे राहतात आणि मुले सपाट जमिनीवर चेंडू सरपटत देण्यास शिकतात. येथे येऊन आम्ही प्रथम पाहिली ती कापसाची काळी जमीन. पावसाळ्यात तिच्यात चेंडू रुततो, उन्हाळ्यात तिच्या भेगांवरून तो वेडावाकडा उडतो. साहजिकच मुले चेंडू उंच उडवून मोकळी होतात. उंच उडविलेला चेंडू बचावास सोयीचा. त्यावर चढाई उभी राहत नाही. त्यातच कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मा संघ शेतात असतो. घरची गरज आम्ही जाणतो. तिला आम्ही दोष देत नाही. पण आज हे चार, उद्या ते चार, अशा सरावातून सांधा जुळत नाही, हेही खरे.

याहून खोल असे एक कारण आहे आणि ते सांगावयास आम्हास संकोच वाटतो. आपली शाळा मराठी माध्यमाची असली, तरी मुलांच्या घरी मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, उर्दू, बंजारा अशा नाना बोली आहेत. वर्गात ती एका बाकावर बसतात. मैदानात मात्र आम्ही वारंवार पाहिले, की चेंडू मोकळ्या गड्याकडे न जाता मित्राकडे जातो. मित्र तीन जणांनी घेरलेला असला तरी त्याच्याकडेच जातो. उजव्या कडेला एक मुलगा सबंध सामनाभर हात वर करून धावत राहिला. त्याच्याकडे कोणी पाहिले नाही, कारण डबा खाताना तो यांच्या घोळक्यात बसत नाही. गोलाची वाट त्या मुलाच्या पायापाशी होती. दोन बाहेरची मुले आणून हा दोष कसा जाईल? त्यांच्याकडे तरी चेंडू कोण देणार?

यावर कोणी म्हणेल, की विजयावाचून मुलांचा उत्साह कसा टिकेल? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. सतत हरणाऱ्या संघात खेळावयास कोणास आवडते? परंतु त्या दोन जागांसाठी ज्या दोन मुलांना आपण खाली बसवू, त्यांच्या उत्साहाचे काय? आणि ती तयार मुले दहावी होऊन गेल्यावर पुन्हा दोन शोधावयाची काय? कोणी मुलगा आपल्या आईवडिलांबरोबर गावात राहावयास आला, तर त्याचे स्वागत आहे. चषकासाठी एखाद्या मुलाला त्याच्या शाळेतून, त्याच्या सोबत्यांतून उचलून आणणे ही गोष्ट वेगळी. ते त्या मुलाच्याही हिताचे नाही.

आमच्या सूचना साध्या आहेत. मैदानाच्या एका कोपऱ्यात मुरूम टाकून लहानशी कोरडी जागा तयार करावी. वह्या-पुस्तकांसाठी पालक जो खर्च करू पाहत होते, तो येथे कामी येईल. तेथे सहावी-सातवीच्या मुलांनी रोज अर्धा तास जमिनीलगत चेंडू देण्याघेण्याचाच सराव करावा, आणि त्यातील काही दिवस कमजोर पायानेच. मुलींचाही संघ तेथेच तयार व्हावा. वेचणीच्या दिवसांतही आठवड्यातून दोन संध्याकाळ पालकांनी मुलांना मोकळे सोडावे. स्नेहसंमेलनात गोल करणाऱ्यास बक्षीस मिळते. ज्याच्या चेंडूवरून गोल झाला, त्यालाही ते मिळावे. शिक्षकांनी संघाच्या जोड्या दर आठवड्यास बदलाव्यात, म्हणजे कोणाला कोणाची अडचण राहणार नाही. यातून पुढच्याच वर्षी चषक येईल असे वचन आम्ही देत नाही. पी हळद आणि हो गोरी, असा हा खेळ नाही. आज सहावीत असलेला मुलगा दहावीत जाईल, तेव्हा कदाचित फळी दिसू लागेल.

आणि विद्यार्थी मित्रहो, एक गोष्ट मात्र उद्या संध्याकाळपासूनच करता येण्यासारखी आहे. तिला मुरूम लागत नाही की वर्गणी लागत नाही. चेंडू पायाशी आला, की मान वर करा आणि मोकळा कोण आहे ते पाहा. मित्र कोण आहे ते पाहू नका. उजव्या कडेला कोणी तरी हात वर करून धावत असेल.