पाचोळ्यातील अनामिक

आदिलाबाद जिल्ह्यातील बेला हे पैनगंगेच्या दक्षिणेचे, कापूस पिकविणारे, मराठी बोलणारे गाव. या पट्ट्यातील सागाच्या रानांत मोहफुले वेचणे सुकर व्हावे म्हणून झाडांखालचा पाचोळा दरसाल पेटविला जातो. त्यात केवळ वाळकी पाने जळतात असे नव्हे. जेमतेम एक-दोन मिलिमीटरांच्या मुंग्या, त्यांहूनही लहान भुंगेरे यांचा संसार त्या थरात असतो, आणि त्यांतील कित्येकांना शास्त्राने अद्याप नावही दिलेले नाही.

नाव देणे हा हौसेचा मामला नव्हे. पाचोळा चाळून दिव्याखालील नरसाळ्यात ठेवायचा, उष्णतेपासून पळणारे किडे खालच्या अल्कोहोलात टिपायचे, सूक्ष्मदर्शकाखाली अवयव मोजायचे आणि जुन्या मूळ नमुन्यांशी ताडून पाहायचे. घोडे अडते ते येथे! मुंबई इलाख्याच्या वनखात्यातील रॉटन यांनी धाडलेल्या चिमुकल्या मुंगीचे वर्णन स्विस शास्त्रज्ञ फोरेल यांनी १८९० साली केले, तिला रॉटन यांचे नाव दिले. फोरेल यांचा संग्रह आज जिनिव्हात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने नव्या जातीचा नमुना देशातील अधिकृत संग्रहात ठेवणे बंधनकारक केले, हे उचितच झाले. परंतु नमुना ओळखणारा तज्ज्ञच नसेल तर कायदा काय करणार? भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने सीमेच्या दोन्ही बाजूंच्या महाविद्यालयांतून अशी माणसे घडवावीत.

मोह वेचणाऱ्या गरिबांना बोल लावण्यात मात्र अर्थ नाही. झाडाखाली जाळी बांधून फुले झेलता येतात. ती जाळी वनखात्याने येत्या हंगामापूर्वी पुरवावी.