लिलावातील मोटार आणि ग्राहकाचे अज्ञान

भोईवाडा-हिंदमाता परिसराला पाण्यात उभ्या मोटारींचे दृश्य नवे नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईतील असंख्य मोटारी बुडाल्या. अशा मोटारींचे पुढे काय होते? विमा कंपनीने भरपाई दिलेली मोटार भंगारात निघते. तीच धुऊन-रंगवून इंटरनेटवरील लिलावात ‘उत्तम स्थितीत’ म्हणून अवतरू शकते.

दोष विक्रेत्यासच ठाऊक असला, तर वाईट माल चांगल्या मालास बाजारातून हुसकावतो, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्याच उदाहरणाने दाखविले. लिलावातील छायाचित्राने हे अज्ञान वाढतेच.

म्हणून बोलीपूर्वी मोटार प्रत्यक्ष पाहावी. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढावा. गाळाचा डाग तेथे बहुधा उरतो. चासी क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडावा, कर्जाचा बोजा ‘वाहन’ संकेतस्थळावर तपासावा. मोटार न दाखविता पैसे मागणाऱ्याशी व्यवहारच करू नये.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांसाठी अधिकारपत्राचा नियम आला, हे योग्यच. परंतु परवाना म्हणजे माहिती नव्हे. विमादाव्याचा इतिहास लिलावाच्या जाहिरातीतच देणे सक्तीचे केल्याखेरीज प्रामाणिक विक्रेत्यासही रास्त भाव मिळणार नाही.